तीन मिनिटांची घंटा आणि कानबाई

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी तुमच्या विद्यापीठातल्या पदवीदानाची हकीकत सांगितली. चौकोनी टोप्या, काळे झगे, आणि भाषण करणाऱ्या मुलीला देवाचं नाव घेऊ द्यायचं की नाही यावरून झालेला वाद. मग धाकट्याने मला विचारलं, "आजी, तुमच्याकडे असलं काही होत नसेल ना?" तेवढ्यात गॅसवरचं दूध वर आलं आणि मी फोन ठेवला. आता आजचं दूध तापवून झालं आहे, टेबल पुसलं आहे, तेव्हा नीट लिहिते.

आमच्याकडे झालं होतं, आणि त्याला कारण मी होते.

धुळ्याच्या ज्या सरकारी कॉलेजात मी इंग्रजी शिकवलं, तिथून निवृत्त होऊन मला बरीच वर्षं झाली. तरी वर्षातून एकदा, पदवी प्रदान समारंभाच्या आधी, प्राचार्यांचा फोन येतोच. प्राचार्य माझे जुने विद्यार्थी, पुढे माझ्याच विभागात शिक्षक झाले. वर्गात शेवटच्या बाकावर बसायचे आणि निबंधात एकही परिच्छेद पाडायचे नाहीत. चारचौघांत मी त्यांना "सर" म्हणते, केबिनचं दार लागलं की "तू". मला बोलावण्याचं कारण एकच: मिनिटामिनिटाचं वेळापत्रक माझ्याइतकं चोख कोणी करत नाही. हे मी स्वतःच्या तोंडाने सांगते आहे, पण तुमची आई दुजोरा देईल. तिच्या लग्नाचं वेळापत्रकही मीच केलं होतं आणि मंगलाष्टकं चार मिनिटं आधी संपली होती.

तर, हे झालं त्याच्या आदल्या वर्षी समारंभात एका विद्यार्थ्याने भाषणाच्या शेवटी देवाच्या नावाची घोषणा दिली. मागच्या रांगांनी तिला ओ दिली. मग दुसऱ्या बाजूने दुसरी घोषणा झाली. दहा मिनिटं हॉलमध्ये नुसता गलका. प्रमुख पाहुणे चहा न घेता गेले, आणि समोसे उरले ते कर्मचाऱ्यांनी घरी नेले. प्राचार्यांनी त्याचा धसका घेतला. या वेळी ते मला म्हणाले, "मॅडम, एक नियम करून द्या. तुमच्या भाषेत. कोणाला फट सापडायला नको."

मी करून दिला. "विद्यार्थी मनोगतात कोणत्याही देवतेचा, धर्माचा, पंथाचा अथवा धर्मगुरूचा उल्लेख नसावा." एकच वाक्य. मला ते फार आवडलं होतं. मी ते दोनदा मोठ्याने वाचून पाहिलं.

त्या वर्षी दोन मुली बोलणार होत्या. मनोगत शिरपूरकडच्या एका खेड्यातली मुलगी मांडणार होती. आभारप्रदर्शन धुळ्याचीच मुलगी करणार होती. तिच्या वडिलांचे यंत्रमाग आहेत. दोघींनी भाषणं लिहून माझ्याकडे द्यायची, मी तपासायची, खाली सही करायची. माझी लाल पेन्सिल तुम्हाला ठाऊक आहे. तुमची पत्रंसुद्धा तिच्यातून सुटलेली नाहीत.

धुळ्याच्या मुलीचं भाषण अगदी स्वच्छ होतं. मी खाली "उत्तम" लिहिलं. शिरपूरकडच्या मुलीच्या भाषणात शेवटचं वाक्य असं होतं: "आणि आमच्या कानबाईचे आभार, जिच्यापुढे माझ्या आईने माझ्या शिक्षणासाठी पदर पसरला." मी त्यावर एक सरळ लाल रेघ मारली. पट्टी लावून.

कानबाई कोण, हे तुम्ही विचारण्याआधीच सांगते, म्हणजे पुन्हा फोन करायला नको. कानबाई ही आपल्या खानदेशची देवी. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरी येते. नारळच असतो तो, पण त्यावर डोळे रेखायचे, नथ घालायची, साडी नेसवायची आणि चौरंगावर बसवायचं. रात्रभर बायका गाणी म्हणतात, सोमवारी वाजतगाजत नदीवर नेतात. मुंबई-सुरतेला गेलेले भाऊबंदसुद्धा त्या दिवसापुरते घरी येतात. माझ्या माहेरी, फैजपूरजवळ, केळीच्या बागेतून खांब तोडून आणून आम्ही तिचा मांडव करत असू. म्हणजे मला कानबाई माहीत नव्हती असं नाही. माहीत होती, तरी रेघ मारली. नियम माझा होता ना.

दुसऱ्या दिवशी मुलगी घरी आली. हातात तोच कागद.

"मॅडम, हे एवढंच राहू द्या ना."

"नियम सगळ्यांना सारखा आहे, बाळा. तू असं लिही: 'एका अज्ञात शक्तीचे आभार.'"

"अज्ञात कशी, मॅडम? दर वर्षी आमच्याकडे येते. तिची नथ माझी आत्या घालते."

मी चहा ठेवायला उठले.

"मग मनातल्या मनात म्हण," मी आतून म्हणाले.

"मनातल्या मनात तर आई रोजच म्हणते. नवस तसा नाही ना."

मग तिने नवस सांगितला. बारावीनंतर घरात तिच्या लग्नाचं चाललं होतं. आईच्या मनात तिला शिकवायचं होतं, पण घरात आईचं कोण ऐकणार? त्या श्रावणात आई कानबाईसमोर बसली आणि म्हणाली, "मन्ही पोर शिकनी ते तठेच, बठ्ठा लोकसमोर, तुन्हं नाव लिसूत." माझी पोर शिकली, तर जिथे पदवीचा कागद मिळेल तिथेच, सगळ्या लोकांसमोर, तुझं नाव घेऊ. सासू, दीर, जावा सगळ्या ऐकत होत्या. नवस बोलला गेला म्हटल्यावर मोडायची कोणाची छाती होईना. लग्नाचं बोलणं थांबलं. पोरगी कॉलेजात आली.

"म्हणजे देवीने नाही, नवसाने शिकवलं तुला," मी म्हणाले. जरा खवचटपणेच.

"तसंच म्हणा, मॅडम. पण फेडायचा तर देवीचाच ना?"

तिने कप खाली ठेवला. "आई समारंभाला येणार आहे. तिने कधी कॉलेज बघितलं नाही. नाव घेता येणार नसेल तर माझ्याऐवजी दुसऱ्या कोणाला बोलू द्या. मी नुसता कागद घेऊन जाईन. आईला समोर बसवून तिला वाटेल नाव घेणार, आणि मी नाही घेतलं, असं मला नाही करायचं."

ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. भांडणाऱ्याला नियम दाखवता येतो. ती कप विसळून, पालथा घालून गेली.

दुपारी मी वेळापत्रक तपासायला घेतलं. अकराला पाहुण्यांचं आगमन. अकरा पाचला दीपप्रज्वलन. अकरा सातला सरस्वतीच्या प्रतिमेचं पूजन. अकरा नऊला श्रीफळ वाढवणे. अकरा दहाला ईशस्तवन, त्यात गणपतीपासून सुरुवात. हे सगळं मी स्वतः टाइप केलं होतं आणि माझ्या डोळ्यांना त्यात काही दिसलं नव्हतं. नियमात "विद्यार्थी मनोगतात" असे दोन शब्द मीच घातले होते. म्हणजे मुलांनी देवाचं नाव घ्यायचं नाही. व्यासपीठावरच्या लोकांनी खुशाल घ्यावं, दिवा लावून, नारळ फोडून.

मी लाल पेन्सिल घेतली आणि नियम सगळ्या कार्यक्रमाला लावून पाहिला. दिवा गेला. सरस्वती गेली. नारळ गेला. ईशस्तवन गेलं. पाहुण्यांना द्यायच्या शाल-श्रीफळातलं श्रीफळ गेलं. राहिली शाल, राष्ट्रगीत आणि चहा. तो कागद पिशवीत घालून मी रिक्षाने कॉलेजला गेले.

प्राचार्यांनी कागद पाहिला आणि उठून दार लावून घेतलं.

"मॅडम, सरस्वती काढली?"

"नियमात बसत नाही."

"अहो, सरस्वती धार्मिक नाही. सांस्कृतिक आहे!"

"बरं. आणि कानबाई?"

"ती... घरगुती आहे."

"म्हणून तू दर वर्षी श्रावणात कानबाई बोळवली की मंगळवारी आजारी पडतोस का? मी असताना तुझे रजेचे अर्ज मीच पुढे पाठवत होते. सगळ्यांवर 'प्रकृती अस्वास्थ्य'. रात्रभर जागून गाणी म्हणायची आणि सरकारला अस्वास्थ्य कळवायचं."

"मॅडम, हळू बोला. बाहेर क्लार्क आहे."

"तोही मंगळवारी आजारी असतो."

ते हसले, पण मग खरंच काळजीने म्हणाले, "ठीक आहे, तिला घेऊ देऊ नाव. पण उद्या कोणी परत घोषणा दिली तर? मागच्या वर्षीचं तुम्ही पाहिलंत. मला वर उत्तर द्यावं लागतं. लेखी."

त्यांची भीती काही खोटी नव्हती. मलाही ती पटत होती, म्हणूनच तर तो नियम केला होता. मी विचारलं, "मागच्या वर्षी त्या मुलाने देवाचं नाव घेतलं म्हणून बिघडलं, की हॉलकडून वदवून घेतलं म्हणून?"

"वदवून घेतलं म्हणून," ते म्हणाले. "तो नुसतं बोलून खाली बसला असता तर काय होतं?"

मग मी जुना नियम खोडून दोन वाक्यं लिहिली. वक्त्याने स्वतःच्या मनातलं बोलावं, पण समोरच्यांकडून काही वदवून घेऊ नये. आणि प्रत्येकाला तीन मिनिटं. तीन मिनिटांनी घंटा होईल, मग विषय कोणताही असो.

"आणि नास्तिक असेल तर?" प्राचार्यांनी विचारलं. शेवटच्या बाकावरची खोड.

"त्यालाही तीन मिनिटं. देव नाही हे सांगायला तेवढी पुरतात."

त्यांनी सही केली. "एक अट आहे. घंटा तुम्ही वाजवायची. तुम्ही कोणाला सोडत नाही."

वक्तृत्व स्पर्धांसाठी कॉलेजात एक पितळी घंटा आहे, लाकडी मुठीची. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षापासून ती मीच वाजवत आले. एकदा एका मंत्र्याच्या पुतण्याला मी "माझ्या प्रिय मित्रांनो, शेवटी मला" इथे थांबवलं होतं. त्याला शेवटी काय म्हणायचं होतं, ते अजून कोणाला कळलेलं नाही.

मी दोन्ही मुलींना बोलावून नवा नियम सांगितला. शिरपूरकडची मुलगी कागदावरची लाल रेघ खोडरबराने पुसायला लागली. ती काही पुरती पुसली गेली नाही. माझी पेन्सिल चांगली आहे.

धुळ्याची मुलगी मात्र थोडी चुळबुळत उभी राहिली.

"मॅडम, मग मी पण परत लिहू का?"

"काय परत लिहू? तुझ्या भाषणात तर मी काहीच खोडलं नव्हतं."

"तुम्ही नाही. मीच आधी काढलं होतं. नियम लागला होता ना बोर्डावर. सुरुवातीला फक्त 'अल्हम्दुलिल्लाह' होतं, म्हणजे अल्लाचे आभार. अब्बा म्हणतात, चांगलं काही झालं की पहिला शब्द तोच."

मी तिच्या भाषणाला "उत्तम" म्हटलं होतं. स्वच्छ आहे, म्हटलं होतं. मी तिला म्हणाले, "लिही." मग उगीचच तिचा कागद परत मागून घेतला आणि माझं "उत्तम" पुन्हा एकदा, जरा मोठ्या अक्षरांत लिहिलं. ती हसली. "मॅडम, एवढ्या शब्दाने मार्क वाढले?"

समारंभाच्या दिवशी सगळं अकराला सुरू झालं, म्हणजे अकरा वीसला. भाड्याने आणलेले झगे एकाच मापाचे होते. शिरपूरकडच्या मुलीने तिचा झगा खांद्यावर पिना लावून वर घेतला होता. तिची आई पाचव्या रांगेत टोकाला बसली होती. डोक्यावरून पदर, मांडीवर कापडी पिशवी, पाठ खुर्चीला न टेकवता. शेजारी रिकामी खुर्ची होती, पण तिने पिशवी तिच्यावर ठेवली नाही. दिवा लागला, सरस्वतीला हार घातला, नारळ फुटला. नारळाच्या आवाजाला तिने हात जोडले.

मग प्रमुख पाहुणे उठले. त्यांना नियम लागू नव्हता आणि घंटाही लागू नव्हती. ते चाळीस मिनिटं बोलले. सात संस्कृत श्लोक म्हणाले, त्यांतले दोन पुन्हा म्हणाले, आणि विद्यार्थ्यांनी वेळेचं महत्त्व ओळखावं असं सांगून बसले. माझं वेळापत्रक तिथेच संपलं. प्राचार्यांनी माझ्याकडे चिठ्ठी पाठवली: "मनोगत दोन मिनिटांत आटपा." मी ती वाचली, घडी घातली आणि पर्समध्ये टाकली. ती अजून पर्समध्ये आहे.

मुलगी बोलायला उभी राहिली. कानबाईचं वाक्य शेवटीच राहू दे, असं मीच तिला सुचवलं होतं, म्हणजे कोणाच्या फार डोळ्यांवर येणार नाही. शहाणपणाचा सल्ला होता. पण घाबरलं की माणूस भराभर बोलतं अशी माझी समजूत होती, आणि ही मुलगी घाबरली की सावकाश बोलत होती. एकेक शब्द निवडून. शिक्षकांचे आभार झाले तेव्हा एक मिनिट झालं. ग्रंथपालांचे झाले तेव्हा दोन. मग तिने कागदात नसलेला एसटीचा कंडक्टर काढला, जो तिच्यासाठी फाट्यावर गाडी थांबवायचा. हॉल हसला. ती थांबली, हॉलचं हसू संपेपर्यंत. माझ्या घड्याळात तीन मिनिटं झाली.

घंटा माझ्या हातात होती. प्राचार्य व्यासपीठावरून माझ्याकडे पाहत होते. आई पाचव्या रांगेत पुढे झुकली होती. तिला माहीत नव्हतं की तीन मिनिटं झाली आहेत, तिला माहीत होतं की नाव अजून आलेलं नाही. तीन मिनिटं पाच सेकंद. मी आयुष्यात कोणाला पाच सेकंद दिलेले नाहीत. तुमच्या आजोबांनाही नाही.

"आणि," मुलगी म्हणाली, आणि परत थांबली. मी मूठ घट्ट धरली.

"आणि आमच्या कानबाईचे आभार. जिच्यापुढे माझ्या आईने माझ्या शिक्षणासाठी पदर पसरला."

तीन मिनिटं अकरा सेकंद. हात सैल पडला की मी वाजवली, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही. घंटा वाजली. चांगली खणखणीत.

आई उभी राहिली. तिने हात जोडले, कपाळाला लावले आणि तशीच उभी राहिली. मागच्या रांगांमधल्या चार-दोन बायकांचे हातही कपाळाकडे गेले. व्यासपीठावर प्राचार्यांचा उजवा हात अर्ध्यापर्यंत उठला, मग त्यांना आपण कुठे आहोत ते आठवलं आणि त्यांनी केस सारखे केले. कोणी घोषणा दिली नाही. टाळ्या झाल्या, मुलगी खाली उतरली.

पुढे धुळ्याच्या मुलीने आपला शब्द उच्चारून आभार मानायला सुरुवात केली. मागे कोणीतरी खोकलं. तेवढंच. दोन मिनिटं चाळीस सेकंदांत तिने झगे धुणाऱ्यांपासून मांडववाल्यापर्यंत सगळ्यांचे आभार संपवले. खाली येताना ती माझ्या टेबलाशी वाकली.

"मॅडम, मला घंटा नाही?"

"वेळेत संपवणाऱ्याला घंटा नसते."

"अरे! मग पाहुण्यांना?"

मी तिला जागेवर जाऊन बसायला सांगितलं.

चहाच्या वेळी शिरपूरकडची मुलगी आईला घेऊन माझ्याकडे आली. आईने आधी माझ्या पायाला हात लावला, मग टेबलावरच्या घंटेला लावला, आणि तोच हात कपाळाला.

"अक्का," ती म्हणाली, "कानबाईनं नाव लिधं तव्हय कालेजनी घंटा बी वाजाडी. बठ्ठास्नी आयकं." कानबाईचं नाव घेतलं तेव्हा कॉलेजने घंटासुद्धा वाजवली. सगळ्यांनी ऐकलं.

मुलगी माझ्याकडे पाहत होती. तिला घंटा कशाची ते ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं, आणि चुकीची समजूत तिथल्या तिथे दुरुस्त करणं हे माझं आयुष्यभराचं काम. मी तोंड उघडलं आणि विचारलं, "समोसा घेतला का?"

"घिधा," आई म्हणाली. घेतला. मग पिशवीतून पदवीचा कागद काढून मला दाखवला, सरळ धरून, जणू तो मी कधी पाहिला नसेल. "आते नवस फिटना." आता नवस फिटला.

समारंभानंतर वेळेचा तक्ता भरून प्राचार्यांकडे द्यायचा असतो. प्रत्येक वक्ता किती बोलला, ते. पाहुण्यांपुढे मी चाळीस मिनिटं लिहिली. आभारप्रदर्शनापुढे दोन मिनिटं चाळीस सेकंद. मनोगतापुढे तीन मिनिटं लिहिली, वर अकरा सेकंद लिहिले नाहीत. प्राचार्यांनी तक्ता वाचला. आपल्या मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तीन मिनिटं, मॅडम?"

"तीन मिनिटं, सर."

त्यांनी सही केली.